बाळूला कुणी चालू दिलं नाही

कळंबच्या एस.टी. स्टँडवर गावाकडचा एकजण भेटला आणि म्हणाला, "चेअरमनचा बाळू गेला. हार्ट अटॅक." लगेच पुढं, "नशीब एकेकाचं..." त्याला महिना होऊन गेला. बाळूची तिशी नुकतीच उलटली होती. त्या 'नशीब' शब्दाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही दोघं येरमाळ्याजवळच्या एका गावात एकाच वर्गात शिकलो. त्याचे वडील, आबा, सोसायटीचे चेअरमन. माझे आईवडील मजूर. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खात होतो, तेव्हा बाळूच्या ताटात ज्वारीची भाकरी आणि तुपाची वाटी असे. पाहुणे आले की त्याला बैठकीत बोलावून त्याचे गाल, दंड दाबून बघत. दुष्काळातही घर भरलेलं आहे, याचा तो पुरावा होता. गावाला भीती होती ती बरगड्यांची. चरबीची भीती कुणालाच वाटली नाही. शाळेत कवायतीच्या तासाला मास्तर त्याला झाडाखाली बसवत, आबांचा मान म्हणून. आम्ही कबड्डी खेळायचो आणि तो आमचे सदरे सांभाळायचा. घरात नवी सायकल आली, तो एकदा पडला, तर त्याच्या आईनं ती कायमची भिंतीला लावून टाकली. तीच त्यानं पुढं मला दिली. तिच्यावरून मी हायस्कूलला गेलो, आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. त्याच्या वाट्याचं फिरणं मला मिळालं, असं आज वाटतं...

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात मी आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर जायचो. एके दिवशी बाळू चालत तिथं आला. माझ्या बी डोक्यावर पाटी दे, म्हणाला. बाया हसल्या. चेअरमनचं पोरगं बांधावर चढंल का बांधच त्याच्यावर चढंल, असं एकीनं विचारलं. तोही हसला. धापा टाकत, थांबत थांबत दुपारपर्यंत माती वाहत राहिला. मग कामावर वाटलेली सुकडी माझ्याबरोबर खाताना म्हणाला, "खरी भूक अशी असती व्हय रं? मला ठावंच नव्हतं." इतका खूश तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

तेवढ्यात आबा फटफटीवरून आले. मुकादमाला म्हणाले, "आमच्या घरातलं धान्य सरलंय, असं गावाला दाखवायचंय का?" मग पोराकडं न बघता, "बस मागं." बाळू बसला. त्यानंतर गडी त्याला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शाळेत सोडू लागला.

पुढं आबांनी त्याला सोसायटीतच नोकरीला लावलं. मधे बार्शीच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, म्हणून तो पहाटे रस्त्याला लागला. "जीप बिघडली का, बाळासाहेब?" लोक विचारायचे आणि हसायचे. थोड्याच दिवसांत आबांनी खरोखरच मागून जीप धाडली. आणि तो बसला. लहानपणापासून त्याला तेवढंच शिकवलं होतं.

शोकसभा सोसायटीच्या ऑफिसात झाली. माझ्याआधी एकानं त्याच्या भारदस्त व्यक्तिमत्त्वाची तारीफ केली. शिकलेला म्हणून मग मला उभं केलं. मी एवढंच म्हणालो, की बाळूला चालायचं होतं आणि आपण त्याला चालू दिलं नाही. कुणीतरी माझा सदरा ओढला. आबा बसल्या जागेवरून म्हणाले, "म्या काय कमी केलं रं त्याला?"

"काहीच कमी केलं न्हाय, आबा," मी म्हणालो. "त्याचाच राग येतोय."

समोर बाळूचा फोटो त्याच्या खुर्चीवर ठेवला होता. सुतारानं त्याच्या मापानं रुंद करून दिलेली सागवानी खुर्ची. ती आता तशीच ठेवायची, तिथं कुणी बसायचं नाही, असं ठरलं आहे. तिच्या पाठीचं, पायांचं पॉलिश अजून नव्यासारखं आहे. फक्त दोन्ही हातांवरचं पार उडून आतलं लाकूड दिसतं. उठण्यासाठी तो तिथंच जोर लावायचा...