माशांना घातलेली चित्राहुती

यंदाच्या मार्चमधल्या एका रविवारी करोल बागेतल्या माशांच्या दुकानात आम्ही तिघे होतो: मी, कॉलेजात शिकणारी माझी मुलगी आणि माझे बाबा. दोन फुटांची टाकी, फिल्टर, दिवा आणि मासे मिळून चार हजार सहाशे रुपये झाले. हिवाळ्यात आई गेली आणि बाबा आमच्याकडे गाझियाबादला राहायला आले. पण ताटावर बसले की दोन घासांत उठायचे. सात किलो उतरले होते. जेवणाच्या टेबलाजवळ मासे ठेवले तर त्यांचं मन रमेल, ही कल्पना मुलीची.

मी घरून हिशेब करूनच गेलो होतो. पाणी पन्नास लिटर, तेही आमच्या सोसायटीचं, जड. म्हणजे गप्पी आणि प्लॅटी हे छोटे मासे. दोघांना जड पाणी मानवतं आणि कुणी कुणाला खात नाही. निऑनला मऊ पाणी लागतं. एंजल मोठा झाला की लहान मासे गिळतो.

बाबा मात्र एका बरणीपाशी थांबले. आत एकच निळा फायटर मासा होता.

"ये अकेला रहता है, अंकल," दुकानदार म्हणाला. "किसी के साथ डालोगे तो लड़ेगा. अकेला ही खुश है."

"याला कुणी सांगितलं, खूश आहे म्हणून?" बाबा मला म्हणाले.

"आजोबा, यार, भांडायला घरात मी आणि आई आहोत की," मुलगी म्हणाली. "गप्पीच घ्या."

सहा गप्पी आणि चार प्लॅटी घेतले.

बाबा माशांकडे बघत जेवू लागले. एक पोळी, मग दीड, मग मागून घेतलेला ताकभात. "ती नारिंगी बघ, तुझ्या आईसारखी सगळ्यांच्या आधी हजर," असंही एकदा म्हणाले. आई गेल्यावर तिचा उल्लेख त्यांनी पहिल्यांदाच केला होता.

मग पाणी गढूळ होऊ लागलं आणि मासे मरू लागले. मी पाणी बदललं, क्लोरीन घालवायचं औषध टाकलं, फिल्टर धुतला. तरी आठवड्याला एखादा जायचाच.

एका शनिवारी मी घरी होतो. बाबा जेवायला बसले. जन्मभराच्या सवयीने त्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या बाजूला तूपभाताच्या चार चिमटी चित्राहुती म्हणून मांडल्या. जेवण झाल्यावर पूर्वी आई त्या उचलून गॅलरीत चिमण्यांना ठेवायची. आमच्या गॅलरीला कबुतरं येऊ नयेत म्हणून जाळी लावलेली आहे. बाबांनी शितं गोळा केली, टाकीचं झाकण उचललं आणि हलकेच आत सोडली.

ते हात धुवायला गेले तशी मी शितं गाळणीने काढली. पण तूप निघेना, आणि सोमवारपासून दुपारी मी ऑफिसात असणार होतो. बोलावं तर त्यांचं जेवण पुन्हा तुटेल, न बोलावं तर उरलेले मासेही जातील, आणि मग ते कुणाकडे बघत जेवणार?

मी गाळणी धूत असताना ते मागे येऊन उभे राहिले.

"भाताने जातात का रे?"

त्यांना खोटं सांगायची मला सवय नाही. "हो," म्हणालो. "कुजतो पाण्यात."

"सगळे?"

"सहा गेले आत्तापर्यंत."

ते खुर्चीवर बसले. "तुझी आई उचलायची," म्हणाले. "पुढे कुठे ठेवायची, ते मी कधी बघितलंच नाही."

रात्री जेवताना त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं, ताटाकडे बघितलं आणि ते पुन्हा भांड्यात सोडलं. अर्धी पोळी खाऊन उठले. गॅलरीची जाळी थोडी कापून देतो म्हटलं, तर "राहू दे, घाण होईल तुमच्याकडे," म्हणाले. 'तुमच्याकडे' हा शब्द माझ्या बायकोनेही ऐकला. ती स्वयंपाकघरात निघून गेली.

आठवडाभर ते टाकीकडे पाठ करून बसले. मग म्हणाले, "उरलेले चार त्या दुकानदाराला देऊन टाक. तिथे तरी जगतील." मी खूप समजावलं. ऐकलं नाही.

दुकानदाराने येऊन मासे पिशवीत भरले आणि टाकी रिकामी करून उचलली. टाकीचे हजार रुपये देत होता, ते बाबांनी घेऊ दिले नाहीत. त्याच्या येण्याजाण्याचे चारशे झाले. मी पाकीट काढलं, तर बाबांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या पेन्शनमधले चारशे रुपये त्याला दिले.