गप्प बसणाऱ्या मॅडम

मुलांना बोलतं करणाऱ्या मॅडम स्वतः मात्र फार कमी बोलायच्या. सोलापुरात सात रस्त्याजवळच्या त्यांच्या खोलीत माझ्या अडीच वर्षांच्या गौरीला घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी तिच्यासमोर चेंडू धरला आणि नुसत्या थांबल्या. मला राहवेना. "म्हण ना, बॉल!" मी म्हणाले. "ठैरो ना ताई," त्या हळूच म्हणाल्या, "बोलायची पाळी तिची आहे."

गौरीला तोवर 'आई'पलीकडे शब्द नव्हता. मॅडमनी आधी तिचे कान तपासून घेतले. ऐकू नीट येत होतं. मग घरातलं विचारलं. 'पाणी' म्हटल्याशिवाय आम्ही पाणी देत नाही, हे ऐकून त्यांचा आवाज चढला. "पाण्यासाठी लेकराला परीक्षा द्यायला लावू नका. तिनं बोट दाखवलं की 'पाणी हवं? घे पाणी' म्हणा, आणि द्या."

आमचं घर मूळ कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं. सासूबाईंना कानडीच येते. दोन भाषांनी मूल गोंधळतं, घरात कानडी बंद केली तरच प्रवेश, असं नर्सरीच्या मुख्याध्यापिकेनं बजावलं होतं. तेव्हापासून सासूबाई नातीला मांडीवर घेऊन तोंड मिटून बसायच्या. हे कळल्यावर मॅडम दुसऱ्याच दिवशी आमच्याबरोबर नर्सरीत आल्या आणि मुख्याध्यापिकेला म्हणाल्या, "माझ्या घरी उर्दू, गल्लीत मराठी. मी मुकी राहिले का? आजीचं तोंड बंद करून नात बोलती होत नसते."

प्रवेश मिळाला नाहीच. मी बाहेर येऊन रडकुंडीला आले. "रडता काय? शाळा दुसरी मिळेल," मॅडम म्हणाल्या. "आजी दुसरी कुठनं आणणार?"

सासूबाई पुन्हा बोलू लागल्या. भाकरी थापताना, वेणी घालताना, नातीशी अखंड कानडी. एका दुपारी गौरीनं दारात उभं राहून हात पुढे केला. "बा, अज्जी." म्हणजे, ये आजी. सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी मॅडमना फोन केला, तर त्या ओरडल्याच, "मला काय सांगता? तिच्या मागं जा, कुठं बोलावतीय बघा!"

गौरी अजून काही शब्दांना अडखळते. आम्ही लपवत नाही.

मॅडम गेल्या वर्षी नवऱ्याच्या बदलीमुळे सोलापूर सोडून गेल्या. परवा गौरीच्या शाळेच्या फाटकाशी एक आई डोळे पुसत उभी होती. तिचा मुलगा उशिरा बोलतोय. त्याच्या वर्गाच्या नव्या बाईंनी घरात तेलुगू बंद करा म्हणून सांगितलं होतं.

"कुठायत त्या बाई?" मी विचारलं.

तिनं वर्गाकडे बोट दाखवलं. मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी आत शिरलो.