अक्षता पडलेलं जहाज

चालत्या जहाजाच्या सुकाणूत अक्षता अडकवून ठेवणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच असेल, आणि तो मी आहे. पण त्या पराक्रमाकडे वळण्याआधी ज्यांचं जहाज त्यांच्याविषयी सांगायला हवं. ते माझे चुलतसासरे. या गृहस्थांनी जन्मात एकही वस्तू तिच्या ठरलेल्या कामाला वापरली नाही, हे मी कुठेही छातीठोकपणे सांगेन. उभं आयुष्य मालवाहू जहाजांवर सुकाणू धरण्यात गेलं, आणि निवृत्त होऊन आपल्या गावी, पावसला परतताना त्यांनी जे सामान आणलं त्यातल्या प्रत्येक वस्तूला त्यांनी दुसरा जन्म दिला. होकायंत्राच्या पितळी डब्यात तंबाखू. दुर्बिणीने ते सुपारी फोडत. लाइफ जॅकेट झाडाखाली अंथरून त्यावर फणस उतरवत. मी एकदा हसलो तर म्हणाले, "जावईबापू, जीव वाचवायचाच ना त्याने? मग फणसाचा वाचवतोय." लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी मोठ्या हौसेने त्यांना दाढीचं सामान दिलं होतं. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा काका त्यातल्या ब्रशने बाजाच्या पेटीच्या पट्ट्यांमधली धूळ झाडत होते, आणि दाढी तशीच वाढलेली.

ही पेटी मात्र अपवाद. तिच्यावर कधी कुणी डबा ठेवला नाही की कपडे टाकले नाहीत. ती फक्त वाजवायची. गणपतीत पावसच्या घरी आरतीला काका पेटीवर बसले की आम्ही बाकीचे नुसते त्यांच्या मागून धावायचो. आमच्याकडची आरती म्हणजे शर्यतच. झांजवाले पुढे, टाळ्यावाले मागे, आणि माझ्यासारखा बेसूर माणूस कडव्याच्या शेवटी सगळ्यांना गाठणारा. पण पेटी सगळ्यांना धरून ठेवायची.

एका श्रावणात काकांना झटका आला. डावी बाजू गेली. पाय हळूहळू सावरला, हात सावरेना. त्या वर्षी गणपतीत पेटी गवसणीतच राहिली. उजवा हात शाबूत होता, पण डाव्याने भाता मारला नाही तर पेटीला आवाज कुठून यायचा? एक पुतण्या चांगल्या मनाने म्हणाला, "काका, भाता मी मारतो, तुम्ही पट्ट्या दाबा." काकांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो मोदक घ्यायलाही पुन्हा पुढे आला नाही. "श्वास तुझा नि गाणं माझं? मी अजून मेलेला नाय." एवढं बोलून ते पडवीत जाऊन बसले. आरती झाली, पण तिचे चार तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या वेळी संपला.

मग ही, म्हणजे त्यांची पुतणी, त्यांना व्यायामासाठी रत्नागिरीला आमच्याकडे घेऊन आली. डावा हात ते उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवत, दुसऱ्याचं मूल सांभाळायला घ्यावं तसं. "ह्यो पाव्हणा," म्हणायचे, "जेवतो माझ्या घरी नि काम करत नाय." व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. तो दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीत, वाऱ्याने दार आपटू नये म्हणून. बाईंनी विचारलं तर काका शांतपणे म्हणाले, "दार दाबतंय की. माझ्यापेक्षा मन लावून." बाई हसल्या. पण जाताना हिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाकीची बोटं येतील वाटतं. करंगळीशेजारच्या बोटाची फार आशा धरू नका." आणि ते बोट नसेल तर भात्यावर पकड बसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

त्याच सुमारास काकांचा मुलगा दुबईहून आला. खजूर, अत्तर, मऊ ब्लँकेट आणि माझ्यासाठी एक काळी, पंजाच्या आकाराची वस्तू घेऊन. नव्या शतकाबरोबर आमच्या घरात संगणक शिरला होता आणि त्यावर मी पत्ते लावण्यापलीकडे काहीही शिकलो नव्हतो. तरी बाहेर मी संगणक जाणतो अशी माझी ख्याती होती. ती वस्तू मी आधी मानेवर ठेवून पाहिली. मग दुखऱ्या गुडघ्यावर. "भावोजी," मुलगा कसंबसं हसू आवरत म्हणाला, "हे खेळ खेळायला. डावा पंजा यावर ठेवायचा. पूर्ण कीबोर्डची गरज नाय. सगळी बटणं एका हाताखाली." त्याने ती जोडून दाखवली आणि जहाजांच्या लढाईचा एक खेळ लावून दिला. मी खेळलो. माझं जहाज बंदरातून बाहेर पडता पडताच धक्क्यावर आपटून बुडालं.

मागून आवाज आला, "जावईबापू, उठा. बघवत नाय."

काकांनी चपला बाहेर काढल्या, उजव्या हाताने डावा हात उचलला आणि त्या काळ्या पंजावर ठेवला. त्या दिवसापासून संगणक माझा राहिला नाही. लढाईचा खेळ, पण काकांनी त्यात एकही गोळा कधी डागला नाही. "माल आहे जहाजावर," म्हणायचे. समोरून शत्रूची तोफ धडधडली की, "कस्टमवाले असतील, जाऊ दे," म्हणून बाजूने काढायचे. जेवायला हाक मारली तर, "सुकाणी जहाज सोडून उठत नाय, गो बाय," असं उत्तर. मग ही सुरमईचं कालवण आणि भात तिथेच आणून द्यायची. काका उजव्या हाताने जेवायचे आणि तेवढा वेळ जहाज सगळं त्या पाव्हण्यावर सोपवलेलं असायचं. लाइट गेली तर आम्ही हळहळायचो. काका अंधारात म्हणायचे, "नांगर टाकला."

दसरा आला. वाहनाला, हत्यारांना, शिवणयंत्राला हार घालून झाले, तेव्हा मला वाटलं, सध्या आपल्या घरात खरं आयुध एकच. मी त्या काळ्या पंजाला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि भक्तीच्या भरात अक्षतांची मूठच्या मूठ सोडली. ही म्हणाली, "अहो, पूजा करताय की लग्न लावताय त्याचं?"

दुसऱ्या दिवसापासून काकांचं जहाज उजवीकडे ओढ घ्यायला लागलं. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण माझं जहाज सगळीकडेच ओढ घ्यायचं. काकांनी तर तक्रारच केली नाही. "पाण्याला ओढ आहे," एवढंच म्हणाले आणि जहाज सरळ ठेवायला सारखं डावीकडचं बटण दाबत राहिले. ते बटण येत होतं नेमकं करंगळीशेजारच्या बोटाखाली. आधी सबंध मनगट कलतं करून ते त्यावर भार द्यायचे. मग नुसता पंजा. ओढ काही थांबत नव्हती, त्यामुळे काकाही थांबत नव्हते. कपाळावर घाम, आणि तोंडाने जहाजाची समजूत, "ये गो, ये, सरळ ये."

पुढे एक दिवस डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखा त्यांचा पंजा आपल्या तळहातावर घेतला आणि खाली वाकून बघितलं. "पुन्हा दाबा बघू. हेच बोट." काकांनी दाबलं. "हे कसं झालं?" काका म्हणाले, "ओढीचं पाणी आहे, बाई. दाबल्याशिवाय कसं चालंल?"

बाईंना काही कळलं नाही, म्हणून मी शोध लावायला बसलो. वस्तू उलटी करून झटकली तर कुंकवाची पूड पडली. हिच्या शिवणातली सुई घेऊन उजव्या बटणाखाली खरवडलं, तेव्हा तांदळाचा एक लालसर दाणा वर आला. बटण कायमचं दाबून बसला होता तो. मी खजील झालो, गुपचूप बटण साफ केलं आणि वाटलं, चला, दुरुस्ती झाली. सकाळी काका बसले. जहाज सरळ गेलं. काकांनी पंजा उचलला, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच ते माझ्यावर ओरडले.

"जावईबापू! ओढ कुठे गेली?"

मी सगळं कबूल केलं. वाटलं, आता हसतील. काका हसले नाहीत. डाव्या हाताकडे बघत हळूच म्हणाले, "सरळ पाण्यात हा आळशी परत झोपंल. घाला तो तांदूळ जिथल्या तिथे." मी घातला. अर्धा दिवस गेला, कारण चुकून होणारी गोष्ट ठरवून करायला किती अवघड असते ते मला तेव्हा कळलं. ही शेजारी उभी राहून बॅटरी धरत होती आणि काही म्हणत नव्हती, म्हणजे प्रसंग किती गंभीर असेल बघा.

काका शिमग्याला पावसला परत गेले. आमच्याकडे असताना त्यांनी पेटीचं नावही काढलं नव्हतं, तिथे तिला हात लावला की नाही ते कुणी विचारलं नाही. गणपतीत आम्ही गेलो तर पेटीची गवसणी काढलेली. पुतण्या चार हात लांब उभा. काकांनी या खेपेला डावा हात उजव्याने उचलला नाही. तो स्वतःच उठला, जरा थरथरला आणि भात्याच्या कडेवर चारही बोटं बसली. भाता हलला तो म्हाताऱ्या माणसाने जिना चढावा तसा, मध्ये थांबत, दम घेत. सूर लागे, विरायला आला की परत भरून येई.

झांजा पहिल्या ओळीत सवयीने पुढे पळाल्या. मग झांजवाल्याने मागे वळून पाहिलं आणि हात आवरला. टाळ्या मंदावल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. सगळं घर काकांच्या भात्यासाठी थांबत थांबत चालू लागलं, आणि ज्या आरतीच्या मागे मी लग्नापासून धावत आलो तिच्यात मी पहिल्यांदा वेळेवर होतो. संपल्यावर काकांनी डावा हात मांडीवर घेतला, त्याची पाठ थोपटली आणि म्हणाले, "पाव्हणा म्हणणार नाय आता. घरचा झाला."

परतताना भाट्याच्या पुलावर खाडीचा वारा होता. स्कूटरवर मागे बसलेल्या हिचं डोकं माझ्या पाठीला टेकलं होतं. मला वाटलं, झोप लागली.

"इतकी वर्षं आरती म्हणतेय," ती म्हणाली, "आज पहिल्यांदा तिचे शब्द ऐकू आले मला."

मी स्कूटर जरा हळू घेतली. पूल संपल्यावर तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"यंदाच्या दसऱ्यालाही अक्षता तुम्हीच वाहा हं."