आधी बैलाच्या खांद्याला

दिवाळी झाली की आमच्या घराला कुलूप लागायचं. केज तालुक्यातलं आमचं गाव अर्धं रिकामं व्हायचं. माय आणि आबा बैलांसकट ट्रकात चढून ऊसतोडीला जायचे, मी शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहायचे. उन्हाळ्यात परतल्यावर माय माझ्या गालावरून हात फिरवायची आणि मी मागं सरायचे. उसाच्या धारदार पाचटानं तिच्या हातांना अशा भेगा पडलेल्या असत की तेवढी माया टोचायची. त्या भेगांवर ती बिब्बा तापवून लावायची आणि स्वतःच ओरडायची.

त्याच हातांनी मला बी. फार्म. केलं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. कोणी विचारलं नाही तरी मी हे सांगते.

पुण्यात एका लहान क्रीम कंपनीत नोकरी लागली. भांगेच्या झाडाच्या पानांतून काढलेलं कॅनाबिडिऑल कोरड्या त्वचेच्या मलमात घालायचं, हे माझं काम. मी बनवलेल्या मलमाची एक डबी घेऊन गावी आले. इच्छा एवढीच, की मायनं ते हाताला लावावं. पण डबीवर पानाचं चित्र होतं.

आबांनी डबी उन्हात धरली. "हे पान वळखतो मी. ह्याच्यासाठी शिकविलं व्हय तुला?"

"आबा, ह्यात नशा नाही. नशेचा भाग वेगळा, तो काढून टाकतात."

ओट्यावर चुलत आजोबा बसले होते. महादेवाच्या देवळामागची त्यांची चिलीम साऱ्या गावाला ठाऊक. ते कळवळून म्हणाले, "काढून टाकत्यात? कुठं टाकत्यात, पोरी?"

माय मात्र डबीला शिवेना. "न्हाई बाई. उद्या मुकादम म्हनंल, बाई झिंगून ऊस तोडती."

"बैलाला लावून बघू," आबा म्हणाले.

आमच्या घरची ही रीतच. कुठलंही नवं औषध आधी बैलाच्या खांद्याला. जुवानं तिथली कातडी सोललेली असतेच. आबांचं म्हणणं, बैलाला जाहिरात वाचता येत न्हाई. औषधं तपासायच्या पद्धतींवर मी परीक्षेत पानं भरून लिहिली होती, ही पद्धत काही अभ्यासक्रमात नव्हती.

मलम चोपडलं. अर्धी आळी गोठ्यापुढं जमली. बैलानं हळूच डोळे मिटले.

"चढली," आजोबा म्हणाले.

"आजोबा, रवंथ करतोय तो!"

तेवढ्यात बैल खाली बसला.

"लईच चढली!"

माझी सगळी पदवी त्या बैलाच्या बुडाखाली दबली होती. शेवटी मायच पुढं झाली. "रोज ह्याच येळंला बसतो की तो," म्हणत तिनं सरकीच्या पेंडीचं घमेलं वाजवलं. बैल ताडकन उठला आणि आजोबांना ढुशी देऊन घमेल्यापाशी गेला.

"शुद्धीत हाय," आबांनी निकाल दिला.

"चढतच न्हाई, मग कामून एवढा खटाटोप करता?" म्हणत आजोबा धोतर झटकत निघून गेले.

माझी सुट्टी संपेपर्यंत आबा बैलालाच मलम लावत राहिले. खांद्याची जखम सुकली. निघायच्या सकाळी माय माझ्यापुढं हात पसरून बसली. "उरलंय का सगळं त्या बैलालाच संपविलं?"

डबीच्या तळाशी उरलेलं मी बोटानं खरवडून तिच्या भेगांत भरलं. "गार लागतंय," एवढंच ती बोलली. पुण्याहून मी आणखी डब्या पाठवल्या, त्या तिनं ऊसतोडीला सोबत नेल्या. पुढं माझी नोकरी पक्की झाली आणि दोघांनी कोयते माळ्यावर टाकले.

भेगा कॅनाबिडिऑलनं भरल्या, मलमातल्या मेणानं, का कोयता सुटला म्हणून, हे मी शिकलेली असूनही छातीठोक सांगू शकत नाही. बैलाचा खांदा तर कोयता-बियता न सोडता नुसत्या मलमावरच भरला होता.

परवा गावी गेले तेव्हा मायनं गालावरून हात फिरवला. टोचला नाही.

आमच्या घराला आता दिवाळीनंतर कुलूप लागत नाही.