अत्तरवाल्याचं नाक

धक्क्यावर त्याला सगळे अत्तरवाला म्हणत. अत्तराचा थेंबही त्यानं कधी विकला नाही. धंदा नेमका उलटा, बोटींमधले वास घालवायचा. डिझेलचा, कुजक्या मासळीचा, ओल्या गाद्यांचा, बोट लागून कुणी ओकलं असेल तर त्याचाही. मी त्याची शेजारीण. माझी उमेदीची वर्षं रंगमंचावर गेली. आता एका खोलीत राहते. त्याचं स्वयंपाकघर नि माझी खोली यांत एक पातळ भिंत आहे, त्यामुळे त्या घरातले संवाद मला पाठ आहेत.

माणूस ठेंगणा, पण चाल अशी की मागे चवऱ्या ढाळणारे दोघे असावेत. आधी बोटीच्या तळातलं पाणी उपसायचा, ब्रशनं कोपरा न् कोपरा घासायचा, आणि मगच ओझोनची पेटी लावायचा. ही पेटी म्हणजे पंखा बसवलेली छोटी सुटकेस. ती हवेतूनच ओझोन वायू तयार करते. उरलासुरला वास तो वायू मारतो, पण माणसाच्या छातीलाही झोंबतो. म्हणून पेटी चालू असताना केबिन बंद आणि आत चिटपाखरू नको. नंतर दारं-खिडक्या उघडून वायू जाईपर्यंत बाहेर थांबायचं. किती थांबायचं, ते अत्तरवाला नाकानं ठरवी. घड्याळ बघणं त्याला कमीपणाचं वाटे. शेवटी डोळे मिटून तो आत फिरे, बाहेर येई आणि म्हणे, "घ्या चावी." एवढ्या दोन शब्दांवर मालक डोळे झाकून विश्वास ठेवत.

एका दुपारी त्याची बायको डबा घेऊन निघाली. पाय मोकळे करायला मीही सोबत गेले. प्रवासी बोट होती, सकाळच्या फेरीला लागणार होती. दार नुकतंच उघडलेलं. अत्तरवाला आत बसून निवांत वायर गुंडाळत होता. दाराशी पोचलो मात्र, नाकात तिखट काहीतरी घुसलं आणि मी खोकत सुटले.

"अगं बाई, डोळे चुरचुरले! बाहेर या आधी!" बायको ओरडली.

"कशाला आरडाओरडा? वायू केव्हाच गेला."

"गेला? मग मावशी काय हौस म्हणून खोकतायत?"

तो बाहेर आला, तोही खोकतच. हा खोकला मी कित्येक महिने भिंतीपलीकडून ऐकत होते. बायकोनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग डबा उघडून त्याच्या नाकाखाली धरला.

"डोळे मिटा. भाजी कसली?"

त्यानं लांब श्वास घेतला. "बटाटा."

"कांदा आहे. आणि तोही करपलेला. कधीपासून हे?"

"मागे दूध करपलं नाही का? मी शेजारी पेपर वाचत बसलो होतो."

"तेव्हा मी तुम्हाला किती बोलले!"

"ते ऐकलं. कान शाबूत आहेत."

मग सगळं बाहेर पडलं. पेटी नीट चाललीय ना बघायला तो अधूनमधून आत डोकावत असे. तशानं नाक मंदावलं. नाक मंदावलं म्हणून वायू गेलासा वाटे, आणि तो आणखी लवकर आत शिरे.

"मालकाला सांगू नकोस," तो हळूच म्हणाला. "धक्क्यावर कळलं तर मला बोट कोण देईल?"

"खोटं मला बोलता येत नाही. वास घेता येतो."

आम्ही धक्क्यावर बसून राहिलो. उन्हं कलली, दाराशी काही झोंबेना, तेव्हा ती आत गेली. गुडघ्यांवर बसून बाकाखाली वाकली. "इथे आहे काहीतरी. ओल्या पायपुसण्यासारखं." फळीमागे हात घालून तिनं एक जाकीट ओढून काढलं. बुडण्यापासून वाचवणारं ते जाकीट बुरशीनं काळं पडलं होतं.

अत्तरवाल्यानं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं. "हे माझ्या हातून राहिलं?"

इतक्यात मालक आला. "काय अत्तरवाले, चावी?"

रंगमंचावर वाक्य विसरलं की नट विंगेकडे बघतो. तसं त्यानं बायकोकडे पाहिलं. बायको पदराला हात पुसत होती.

"बोट तयार नाही," अखेर तो म्हणाला. "हे जाकीट आत राहिलं होतं. पुन्हा घासून पेटी लावतो. चावी उद्या दुपारी. आणि ती मी नाही, ही देईल. माझं नाक गेलंय, मालक."

"आणि माझी सकाळची फेरी?" मालक तडकला. मग बायकोकडे वळून म्हणाला, "काय हो वहिनी, तुमचं नाक एवढं तयार असेल तर मी काल काय प्यालो ते सांगा."

"कालचं नाही सांगता येणार. आत्ता येताना घेतलीत ती सांगू?"

धक्क्यावरचे खलाशी खो खो हसले. मालकानं तोंडावर हात धरला, जरा वेळानं तोही हसला. "उद्या दुपारी," म्हणाला, "उशीर नको."

दुसऱ्या दिवशी तिनं होकार देईपर्यंत अत्तरवाला आत गेला नाही. ती फिरून आली, मालकाला म्हणाली, "बाकांखाली हवा खेळू द्या. घ्या चावी." आता दोघं मिळूनच जातात. पेटी तो उचलतो, घड्याळ तिच्या पिशवीत असतं. त्याचा खोकला उतरलाय. नाकाचं मात्र डॉक्टर काही सांगत नाहीत.

काल संध्याकाळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला, "दुधाकडे लक्ष आहे ना?"

"डोळे लावून बसलोय," तो म्हणाला, "पेपर मावशींकडे दिलाय."