विसाव्याचा दगड

आमच्या गावात विसावा हा शब्द घरात कुणी तोंडातून काढत नाही. दमून आलेल्याला "जरा टेक" म्हणतात, "बस घटकाभर" म्हणतात, पण "विसावा घे" म्हणालात तर एखादी म्हातारी पायातली चप्पल काढेल. कारण आमच्याकडे विसावा म्हणजे एकच गोष्ट. गाव आणि स्मशान यांच्या मधोमध, रस्त्याकडेला एक सपाट काळा दगड आहे. प्रेत नेताना तिरडी त्यावर टेकवतात, खांदेकरी जागा बदलतात, आणि तिथवर आलेल्या बायका शेवटचं रडून माघारी फिरतात. पुढे फक्त पुरुष जातात. त्या दगडाचं नाव विसावा. जिवंत माणूस त्यावर बसत नाही.

हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर माझ्या आईने भर प्रार्थनेत ख्रिस्ती पाळकांना का झापलं ते कळायचं नाही.

मी प्रार्थनेला कशी पोचले ती गोष्ट छोटी आहे. मी भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदामात पॅकिंगच्या टेबलावर काम करते. नवरा घर सोडून गेला त्या वर्षी मी इतकी रागात होते, की गोदामाला आठवड्याची सुट्टी असायची, माझ्या रागाला नसायची. रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता. एकदा मी हातातला स्कॅनर टेबलावर आपटला. शेजारी खोक्यांना टेप लावणारी बाई ख्रिस्ती होती. ती हातातलं काम न थांबवता म्हणाली, "तुला झेपत नाही ना? मग टाक की त्याच्यावर."

"कुणावर, सुपरवायझरवर?" मी विचारलं.

ती इतकी हसली की टेप वाकडी लागली. रविवारी ती मला भिवंडीत घेऊन गेली. लूमच्या कारखान्यावर पत्र्याची एक खोली होती, तिथे वीस-पंचवीस माणसं प्रार्थनेला जमायची. आमच्या भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात, त्यामुळे रविवारी खाली सगळे लूम जोरात चालू. खटखट खटखट, आणि वर पाळक घसा फोडून बोलतायत. मला तिथे दिव्य उजेड दिसला नाही, देवाचा आवाज ऐकू आला नाही. मी मागच्या चटईवर बसले आणि झोपून गेले. कित्येक महिन्यांनी, त्या खटखटाटात, मेल्यासारखी झोपले. कुणी उठवलं नाही. जाग आली तेव्हा अंगावर कुणाची तरी ओढणी होती.

पुढच्या रविवारी मी झोपायलाच गेले, खोटं कशाला सांगू. तिसऱ्या-चौथ्या वेळी जागी राहिले आणि ऐकलं. मग हळूहळू येशूवर विश्वास बसला. हे असं एका वाक्यात सांगितलं की लोकांचे डोळे बारीक होतात. काय मिळालं, किती पोती तांदूळ दिले, कुणी फूस लावली? झोप मिळाली, बाबांनो. तुमच्यापैकी कुणी दिली होती का?

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, गावात राहतो, आई त्याच्याकडेच. त्याने आईला माझ्याकडे, भिवंडीजवळ शेलारला, धाडलं. पोरीला ठिकाणावर आणून दे, म्हणाला. आई आली ती पदर खोचूनच. रविवारी म्हणाली, "चल, मना बगूं दे कोन हायेत ते."

आईविषयी सांगते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या डोक्यावर गवताचा भारा होता. शेत, भात, भारा, पुन्हा शेत. पुढे जमीन गेली आणि तिच्यावर गोदाम उभं राहिलं, तर ही त्याच गोदामात झाडू मारायला गेली. घरात खायला नव्हतं म्हणून नव्हे. बसायचं कसं हेच तिला माहीत नव्हतं. तिची मान कायमची पुढे वाकलेली होती.

त्या दिवशी पाळक नेमके त्याच वचनावर बोलत होते. दमलेल्यांना, ओझ्याखाली वाकलेल्यांना येशू जवळ बोलावतो आणि विसावा देईन म्हणतो. विसावा, विसावा, विसावा. दर वाक्याला विसावा, आणि तोही लूमच्या वरताण ओरडून. आईचा चेहरा तांबडा होत चालला. ती उठून उभी राहिली आणि बेंबीच्या देठापासून बोलायला लागली, आणि तेवढ्यात लाईट गेली. खालचे लूम एका दमात थांबले. त्या शांततेत आईचं वाक्य पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असणार.

"मेल्यावरचा विसावा काय सांगतोस रं? तो मढ्याला देतात! जित्यापनी कोन देतो ते सांग!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पाळक वसईकडचे, त्यांना आमचा दगड कुठून माहीत असणार? त्यांनी आधी आईला, मग माझ्याकडे पाहिलं. मी कशीबशी त्यांना दगडाची हकिकत सांगितली. त्यांनी हातातलं बायबल मिटलं. मग म्हणाले, "मावशी, तेच तर सांगतोय. जित्यापणीच देतो. मरेपर्यंत थांबायचं कारण नाही."

आई खाली बसली. लाईट आली, लूम सुरू झाले, पुढचं काही ऐकू आलं नाही. घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "खोटं बोलत आसंल. बगूं येकदा."

बघू बघू म्हणत ती गावाहून दर रविवारी यायला लागली. मग एक दिवस वहिनीचा फोन आला. आवाज घाबरलेला. "अहो ताई, सासूबाई दुपारपासून ओट्यावर बसल्यात." मी विचारलं, बरं नाही का? "बरं आहे. जेवल्या. पण हातात काहीच नाही. नुसत्या बसल्यात. हसतायत."

माझी आई बसली होती. साठ वर्षांत पहिल्यांदा. वहिनीला वाटलं डॉक्टर बोलवावा. मी फोन ठेवला आणि गोदामाच्या बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले.

दादा मात्र चिडला. त्याच्या बाजूनेही बोलायला हवं, तो वाईट माणूस नाही. लोक त्याला चहाच्या टपरीवर विचारायचे, काय रे, आता म्हातारी पण बाटली? तो मला म्हणाला, "तू शेलारला राहतेस. गावात मना राहायचं हाय." मी त्याला वाटेल ते बोलले. गाव तुला गिळतं का, म्हटलं. आमचं बोलणं बंद झालं.

आई आजारी पडली तेव्हा तिने आम्हा दोघांना समोर बसवलं. तिचं म्हणणं तीन वाक्यांत संपलं. "जाळा, न्हाय तर पुरा, तुमाला वाटंल ते करा, मना त्याचं काय न्हाय. पन त्या दगडाव मना टेकवू नका. माजा विसावा झाला."

दादा खाली मान घालून म्हणाला, "आये, रीत हाय ती."

"तुजी रीत तुजं मढं नेतील तवा कर."

दादा उठून गेला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. मी त्याच्या पाठीकडे बघून दातओठ खात होते. मनात ठरवून टाकलं, की वेळ आली तर दगडासमोर आडवी पडेन, पण आईला तिथे टेकवू देणार नाही. आईने माझा हात ओढून घेतला. माझी मूठ वळलेली होती. तिने एकेक बोट उघडलं. "देवावर टाकलं म्हनतेस ना? मंग ही मूठ कनाला?" मी म्हटलं, विश्वास ठेवला म्हणजे काय भांडायचं सोडायचं? ती म्हणाली, "भांड की. पन मूठ सोडून भांड."

मला तेव्हा हे काही समजलं नाही. मूठ सोडून कुणी भांडतं का?

पुढचे आठ दिवस मी हॉस्पिटलात तिच्या उशाशी होते. नवव्या दिवशी पहाटे ती गेली. दुपारी गावातून तिरडी निघाली. दादाने रिवाजाप्रमाणेच नेलं, विस्तवाचं मडकं हातात घेऊन तो पुढे चालायला लागला. पाळक आणि प्रार्थनेतली चार माणसं मागे उभी होती, त्यांना कुणी हाकललं नाही, कुणी या म्हटलं नाही. आमच्याकडे ज्याच्या हातात मडकं त्याच्या पायावर सगळं चालतं. तो थांबला की तिरडी थांबते. म्हणजे सगळं दादाच्या हातात होतं, आणि दादा माझ्याशी बोलत नव्हता.

मी बायकांतून निसटले आणि गोदामाच्या भिंतीकडेने, उभ्या कंटेनरांमधून वाट काढत आधी दगडाशी पोचले. गावाने हट्ट धरला म्हणून गोदामवाल्याने तो दगड तसाच ठेवलाय, भिंत तिथे वाकडी वळवलीय. काय काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. चुलत्यांना हे सुनावायचं, खांदेकऱ्यांना ते. पण दगडापाशी आले मात्र, आठ दिवसांची जागरणं एकदम अंगावर आली. मी कुठे बसतेय याचा विचारही केला नाही. विसाव्यावर बसले.

दगड उन्हाने तापलेला होता. समोर एक ट्रकवाला कपाळाला हात लावून माझ्याकडे बघत होता. मला एकदम कळलं, की पाठ केलेलं सगळं भाषण मी विसरलेय, आणि ते आठवायची गरजही वाटेना. मी मोठ्याने म्हटलं, देवा, मला भांडता येतं, पण आता जीव राहिला नाही. मी इथून उठणार नाही, बाकीचं तू बघ. आणि खरं सांगते, त्या तापल्या दगडावर, आई तिरडीवर येत असताना, मला शांत वाटलं. इतकं शांत त्या पत्र्याच्या खोलीतल्या पहिल्या झोपेनंतर कधी वाटलं नव्हतं. मी हात बघितले. दोन्ही मुठी सुटलेल्या होत्या.

अंत्ययात्रा वळणावर आली. चुलते लांबूनच ओरडले, "ऊठ, येरी झालीस काय? कुठं बसलीस ते कळतं का?"

"कळतं, काका," मी म्हटलं. उठले मात्र नाही.

दादा मडकं घेऊन माझ्यासमोर येऊन उभा राहिला. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते, नाहीतर रडून झाले असतील. मागे चार खांदेकरी धापा टाकत होते. मी एवढंच म्हणाले, "दादा, आईचा विसावा झालाय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग दगडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता हाताला धरून उठवणार. मी त्याच्या हाताची वाट बघत बसले. दादाने मडक्याची दोरी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या बाजूने सरळ पुढे चालू पडला.

"आरं, टेकवायचं का न्हाय?" मागचा खांदेकरी ओरडला.

दादाने मागे न बघता सांगितलं, "न्हाय."

मडकं पुढे गेल्यावर तिरडीला थांबून कसं चालेल? चालता चालताच खांदे बदलले. एकाची चप्पल तिथेच राहिली आणि तो ती शोधत मागे पडला. पाळक धावत गेले आणि त्याच्या जागी खांद्याला लागले, आणि गडबडीत कुणी त्यांना अडवलं नाही. आईची वाकलेली मान माझ्या डोळ्यांसमोरून गेली, दगडाला न टेकता.

मागून बायका आल्या आणि रिवाजाप्रमाणे दगडापाशी थांबल्या. एक चुलतभाऊ लांबून हात हलवत होता, परता, परता. मी दगडावरून उठले आणि तिरडीच्या मागे निघाले. माझ्या मागे आईची शेजारीण होती. आईबरोबर जन्मभर गवताचे भारे वाहिलेली, आईसारखीच मान वाकलेली म्हातारी. तिने कधी कुणाची प्रार्थना ऐकली नव्हती. ती बाकीच्या बायकांना म्हणाली, "विसावा झालाच न्हाय, मंग परतायचं कुठून?" आणि काठी टेकत माझ्यामागे चालायला लागली. तिच्यामागे दुसरी. मग सगळ्याच.

आमच्या गावच्या बायकांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्मशान बघितलं. पत्र्याची शेड, दोन चौथरे, एक गळका नळ आणि मोडकी खुर्ची. पुरुष बाजूला सरकले. शेजारीण काठीवर भार देऊन सगळीकडे नीट बघत राहिली.

"जल्ला," ती म्हणाली, "येवढंच हाय? आनि याचं भ्या घातलं आमाना जन्मभर?"