शेवटच्या गठ्ठ्याआधी आलेला फोन

कोऱ्या जीन्सची घडी मोडताना कांजीचा वास आला की मला अजून धडकी भरते. उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या जीन्सच्या एका कारखान्यासाठी मी मोबाईल ॲप बनवलं होतं. तयार गठ्ठ्यांची मोजणी वहीऐवजी त्यात भरायची. अंबरनाथला घरी, माझ्या महागड्या फोनवर ते झकास चाललं होतं. पहिल्या दिवशी कारखान्यात माल तपासणाऱ्या मावशी सकाळपासून त्यांच्या जुन्या फोनवर एकेक गठ्ठा भरत होत्या. खाली टेम्पो उभा, आणि कारखान्याचे सिंधी शेठ दर पाच मिनिटांनी, “साईं, और कितना टाइम?” एकच गठ्ठा उरला असताना मावशींना लेकीचा फोन आला. दोन मिनिटं बोलून त्यांनी ॲप परत उघडलं, तर सगळं कोरं. मध्येच कुणाचा फोन येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेठनी खिडकीतून टेम्पोवाल्याला थांबायची खूण केली. तेवढ्यात मावशींनी टेबलावरचं कापड बाजूला सारलं. खाली लाकडावर, शिवणकामाच्या खडूनं, सकाळपासूनचे सगळे आकडे ओळीनं लिहिलेले होते. “बाळा,” त्या म्हणाल्या, “तुझं ॲप भरून होईपर्यंत मला कोणी फोन करणार नाही, असं तुला वाटलंच कसं?” आता कुठलंही ॲप बनवून झालं की मी ते एका जुन्या फोनवर अर्धं भरतो आणि बायकोला म्हणतो, कर फोन. तिच्याशी बोलणं संपलं की ॲप परत उघडेपर्यंत मी श्वास घेत नाही.